शेडमधली एमजीबी आणि ‘ओरिजिनल’ पार्टचा प्रश्न

प्रश्न : माझ्या काकांनी मुंबईत नोकरीला असताना घेतलेली १९६८ सालची एमजीबी ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार गेली बावीस वर्षे आमच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, खतांच्या गोण्यांशेजारी उभी आहे. काका आता नाहीत. गाडी पुन्हा चालती व्हावी अशी काकूंची इच्छा आहे. जळगावच्या एका मिस्त्रींनी ‘यात डिझेल इंजिन टाका, कटकट मिटेल’ असे सांगितले, तर पुण्याच्या एका हौशी गृहस्थांच्या मते इंग्लंडहून नवी बॉडी आणि सगळे ओरिजिनल पार्ट मागवल्याशिवाय या गाडीला अर्थ नाही. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : दोघांचेही ऐकू नये, आणि सर्वांत आधी त्या खताच्या गोण्या शेडबाहेर काढाव्यात. खानदेशची हवा कोरडी असल्याने मुंबईच्या मानाने इथे पत्रा बराच टिकतो. पण खतातले क्षार हवेतला ओलावा शोषून घेतात, आणि अशा गोण्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या गाडीचा खालचा पत्रा आतून कुजलेला असण्याची शक्यता मोठी असते. तुमच्या गाडीबाबत खर्चाचा पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय इंजिनाचा नसून याच पत्र्याचा आहे.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच तिची चेसिस. वर छप्पर नसल्यामुळे दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ सिल जवळपास सगळा भार पेलतात. दार उघडे ठेवून गाडी त्या बाजूने सिलच्या मध्यावर बेताने जॅकवर उचलावी आणि मग दार लावून पाहावे. दाराभोवतीची फट आधीपेक्षा बदलली किंवा दार चौकटीला घासू लागले, तर सिल गेली असे समजावे, वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे टेके वेल्ड करून घेण्याबद्दल डेंटिंग करणाऱ्याला बजावून सांगा. हे टेके न टाकता सिल कापली की बॉडी मधोमध बसते आणि पुढे कोणताही ओरिजिनल दरवाजा तिला नीट लागत नाही.

आता नव्या बॉडीविषयी. पुण्याच्या गृहस्थांनी सांगितलेली वस्तू खरोखर मिळते. एमजीचा इंग्लंडमधला ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, तरी पत्रा दाबण्याचे मूळ साचे शिल्लक राहिले आणि ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून त्याच साच्यांवर एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा काढायला सुरुवात केली. वस्तू म्हणून ती अस्सल आहे, यात वाद नाही. पण तुमच्या गाडीसाठी ती मागवू नये, कारण आपल्याकडचा कायदा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढले. त्यांनुसार गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांची असते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. काकांचा तो जुना नंबर माझ्या मते गाडीतला सर्वांत ‘ओरिजिनल’ भाग आहे. डिझेल इंजिन टाकले तर तुम्ही उघड उघड नियमाबाहेर जाता. अख्खी बॉडी बदलली तर गाडी नेमकी कोणती, हा प्रश्न तपासणीला आलेला अधिकारी विचारणारच. म्हणून फक्त कुजलेल्या सिल आणि फ्लोअर यांपुरते मूळ साच्यावरचे पत्रे आणावेत, बाकी बॉडी आहे तीच राखावी, आणि कापण्याआधी, कापताना व जोडल्यावर असे तारखेसह फोटो काढून कागदपत्रांच्या फायलीत लावावेत. एक मात्र आधीच काकूंच्या कानावर घाला : व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे दर शनिवारी अमळनेरच्या बाजाराला जाण्याचा बेत असेल, तर आत्ताच्या नोंदणीची मुदत वाढवून मिळते का, हे आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

पार्ट मागवण्यापूर्वी गाडीची ओळख पटवावी. बॉनेटखालच्या पट्टीवर चेसिस क्रमांक असतो. तुमच्या सालच्या उघड्या गाडीचा क्रमांक ‘जीएचएन ४’ ने सुरू व्हायला हवा : जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाच्या आकाराचा गट, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, आणि चार हा मालिकेचा आकडा. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो आणि तो ‘१८जी’ ने सुरू होतो. हे दोन्ही क्रमांक कळवून इंग्लंडमधील गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे अर्ज केला, तर कारखान्याच्या नोंदवहीवरून प्रमाणपत्र मिळते. गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता होता, कोणते इंजिन बसवले होते आणि ती कोठे पाठवली गेली, हे त्यात असते. हजारोंचे पार्ट चुकीच्या सालचे आणण्यापेक्षा हा खर्च आधी करावा. विजेचेच उदाहरण घ्या. १९६७ च्या बदलापूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे आणि डायनॅमो असे. त्यानंतर ऋण टोक बॉडीला आले आणि अल्टरनेटर बसू लागला. खोक्यावर ‘एमजीबी’ लिहिलेला अस्सल पार्टही तुमच्या गाडीला चुकीचा ठरू शकतो.

इंजिनाबाबत मात्र खानदेशातला माणूस इंग्लंडमधल्या माणसाइतकाच भाग्यवान आहे. एमजीबीचे १७९८ सीसी इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या ‘बी’ मालिकेतले, आणि आपल्या ॲम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसी पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, एकच, ८८.९ मिलिमीटर. धुळे-जळगावकडे ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ॲम्बॅसेडरची हेड उतरवली आहेत, त्याच्या हाताला हे इंजिन परके वाटणार नाही, आणि मी तुमच्या जागी असतो तर चकचकीत वर्कशॉप सोडून असा एखादा निवृत्त मिस्त्री शोधला असता. फक्त त्याने प्रेमापोटी ॲम्बॅसेडरचे पार्ट त्यात घालू नयेत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तिथे ७३ मिलिमीटरच्या आसपास, इथे ८० च्या वर. त्यामुळे पिस्टन-रिंग चालत नाहीत. तुमच्या इंजिनाच्या क्रँकला पाच मेन बेअरिंग आहेत, ॲम्बॅसेडरच्या त्या जुन्या इंजिनाला तीन. पाने इंची वापरायला लावा. अर्ध्या इंचाच्या नटाला तेरा नंबरचा पाना ‘लागतो’ खरा, पण तो तीन दशांश मिलिमीटर सैल असतो, आणि पन्नास वर्षे टिकलेले कोपरे दुपारभरात गोल होतात.

कार्बोरेटर हे एसयू या इंग्रजी कंपनीचे जुळे, ‘एचएस ४’ मॉडेलचे. ते काढून दुसऱ्या गाडीचा एकच कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो घेऊ नका. बहुधा थ्रॉटलची (हवेच्या झडपेची) दांडी झिजून बाजूने हवा ओढली जात असते, आणि ते नव्या दांडीने व बुशने बरे होते. एसयूचे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही बनतात. खोलताना प्रत्येकाचा डॅशपॉट (वरचा टोपीसारखा भाग) आणि त्यातला पिस्टन यांची जोडी वेगळ्या ताटात ठेवावी. ही जोडी कारखान्यात एकमेकांना जुळवलेली असते. अदलाबदल झाली तर पिस्टन अडकतो आणि मग दोष पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईला दिला जातो.

शेवटी रबर. इथे माझा ओरिजिनलचा आग्रह थांबतो, आणि तो एका अनुभवाने थांबला आहे. माझ्या जुन्या फियाटसाठी मी मुंबईच्या एका दुकानातून व्हील सिलिंडरचे, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचे, किट घेतले होते. कंपनीचे छापील पाकीट, न उघडलेले, आत अस्सल रबरी कप. दुकानदाराने ते ‘आता कुठेच मिळणार नाही’ म्हणून दुप्पट भावाने दिले आणि मी खुशीने घेतले. तिसऱ्या आठवड्यात कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना ब्रेकचे पेडल तळाला गेले. हँडब्रेकवर गाडी कशीबशी थांबली. सिलिंडर खोलला तेव्हा कप नखाने दाबून पाहिला. तो खडूसारखा कडक झाला होता. पाकिटातही रबर म्हातारे होतच असते. ब्रेक व क्लचचे कप, ब्रेकचे होज, पेट्रोलचे पाइप, रेडिएटरचे होज हे सगळे आजच्या तारखेचे, नामांकित उत्पादकाचे नवे घ्यावेत, आणि जुने अस्सल भाग हवे तर काचेच्या कपाटात ठेवावेत.

प्रश्न : मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. हौशी मंडळींच्या जुन्या गाड्यांचे बुश व पिन घरच्या लेथवर करून देतो. असा भाग ‘जेन्युइन’ धरला जाईल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : कागदावर नाही, पण गाडीला त्याने फरक पडत नाही. किंगपिनचा (पुढचे चाक ज्या पिनेभोवती वळते तिचा) ब्राँझ बुश योग्य धातूचा घेऊन, जागेवर दाबून बसवल्यानंतर रीमरने (भोक बारीक कापून मापात आणणाऱ्या हत्याराने) मापाला आणला, तर तो हलक्या प्रतीच्या ‘कंपनी’ बुशपेक्षा जास्त टिकतो. ग्रीसची खाच आणि भोक मूळ जागीच आले पाहिजे, नाहीतर ग्रीस गन मारूनही ग्रीस आत पोहोचत नाही. मात्र ब्रेकचा कोणताही भाग, स्टिअरिंगचे आर्म आणि पुढच्या चाकाचा स्टब ॲक्सल (ज्यावर चाक फिरते तो आखूड आस) लेथवर करू नयेत. तिथे पोलादाचा प्रकार आणि त्याला दिलेली उष्णता-प्रक्रिया मापाइतकीच महत्त्वाची असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : पंपावरचे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या स्पोर्ट्स कारला चालेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : इंजिन चालेल, जुने रबर आणि कॉर्क टिकणार नाही. पेट्रोलच्या पाइपवर ‘आर ९’ असा छाप (इथेनॉल सोसणाऱ्या पाइपची खूण) पाहून घ्यावा, आणि कार्बोरेटरचे सील इथेनॉलला चालणारे आहेत याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळिसाकडे जातो, तेव्हा गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करताना पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते. अशा वेळी सेल्फ मारत बसून बॅटरी उतरवू नये. बॉनेट उघडून पंधरा मिनिटे सावलीत थांबावे.