फौजदारी कायद्याचा उद्देश पीडिताला न्याय मिळवून देणे हाच असतो का?

फौजदारी कायद्याचा अर्थ आणि उद्देश काय, आणि पीडिताला न्याय मिळवून देणे हाच तो उद्देश नव्हे काय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. मी वकील नाही. सिंधुदुर्गात समुद्रालगतच्या एका गावात आमची हापूसची कलमे आहेत आणि एका खटल्यात मी फिर्यादी होतो, एवढाच माझा अधिकार.

2011 च्या एप्रिलमध्ये वाशीच्या बाजारासाठी भरून मांगरात (बागेतल्या माल ठेवण्याच्या घरात) ठेवलेल्या अकरा पेट्या एका रात्रीत नाहीशा झाल्या. कुलूप फोडलेले नव्हते. किल्ली कोणत्या कौलाखाली असते हे घराबाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो म्हणजे वीस वर्षे आमच्याकडे राखणीला असलेला गडी. मात्र त्या रात्री बॅटरीच्या उजेडात मांगराच्या मागल्या दारी मी ज्याला पाहिले तो त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. सकाळी संतापाच्या भरात मी ठाण्यात जाऊन फिर्याद दिली. पेट्यांवर आमचा शिक्का असल्यामुळे सहा पेट्या दुसऱ्याच दिवशी सापडल्या, पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला आणि तो माझ्या ताब्यात येईपर्यंत त्यातले निम्मे आंबे पिकून गळून गेले.

मे महिन्यात माझे थोरले बंधू मुंबईहून आले. त्यांनी देवळात बैठक बोलावली, गड्याने मालाची किंमत हप्त्याने भरून देण्याचे कबूल केले, देवासमोर नारळ ठेवला गेला, गाऱ्हाणे म्हणजे देवाची सामुदायिक प्रार्थना झाली आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी मानले. मीही मानले, कारण तोपर्यंत माझा राग उतरला होता आणि त्या मुलाच्या आईकडे पाहवत नव्हते. फिर्याद आपण दिली, आपणच ती काढून घेऊ, असे दादा म्हणाले. तालुक्याच्या न्यायालयात सरकारी वकिलांनी मला खटल्याच्या कागदावरील पहिली ओळ दाखवली. तिथे माझे नाव नव्हते. एका बाजूला महाराष्ट्र शासन होते, दुसऱ्या बाजूला तो मुलगा, आणि माझे नाव साक्षीदारांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर.

फौजदारी कायद्याचा अर्थ या एका ओळीत आहे. दिवाणी दावा माझा असतो, तो मी मांडतो आणि मीच सोडून देऊ शकतो. गुन्हा मात्र माझ्याविरुद्ध घडला तरी तो सर्वांविरुद्ध घडला असे शासन मानते, त्याचा पाठपुरावा स्वतःकडे घेते आणि त्या बदल्यात सूड घेण्याचा माझा अधिकार काढून घेते. सूडाचा अधिकार गेला हे लोकांना पटते. त्याच्याबरोबर क्षमेचा अधिकारही बऱ्याच अंशी जातो, हे पटायला जड जाते.

बऱ्याच अंशी म्हणतो, कारण काही गुन्ह्यांत कायदा पीडिताचा वाटा राखून ठेवतो. हेच आंबे झाडावरून उतरवून नेले असते तर भारतीय दंड संहितेचे कलम 379 लागले असते आणि मालक या नात्याने मला तडजोड करता आली असती. (झाडावरचा आंबा जमिनीला जोडलेला म्हणून जंगम मालमत्ता नव्हे, देठ तुटला की तो चोरीचा विषय होतो. या बारकाव्याचे मला अजूनही कौतुक वाटते.) पण माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली की कलम 380, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि त्यात तडजोडीची मुभा नाही. पन्नास पावलांवरच्या आंब्याच्या कलमावर आणि मांगरात असा हा फरक पडला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे 303 आणि 305 झाली आहेत. तत्त्व तेच आहे.

मग सर्वांनी मला एकच उपाय सुचवला: साक्षीत अंधार होता म्हणा, ओळखले नाही म्हणा. गावातले मानकरी म्हणाले, दादा म्हणाले, मुलाच्या बाजूने आलेला एक ओळखीचा कारकूनही म्हणाला. शपथेवर खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, याची आठवण कोणालाही नव्हती किंवा ती महत्त्वाची वाटत नव्हती. 2015 मध्ये साक्ष झाली तेव्हा मी जे पाहिले ते सांगितले, आणि पैसे परत मिळाले, माझी तक्रार उरलेली नाही, हेही सांगितले. मुलगा दोषी ठरला. पण पूर्वीचा कोणताही गुन्हा नसल्यामुळे न्यायालयाने त्याला तुरुंगात न पाठवता 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. साक्षीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी मांगराची किल्ली आणून ओटीवर ठेवली. त्यानंतर ते आमच्या बागेत आलेले नाहीत.

उद्देशाबद्दल पुस्तकांत चार शब्द सापडतील: प्रतिशोध, जरब, सुधारणा आणि गुन्हेगाराला समाजापासून दूर ठेवणे. ते पाठ करण्यास हरकत नाही. मला विचाराल तर जरब शिक्षेच्या लांबीने बसत नाही, पकडले जाण्याच्या खात्रीने बसते. हे इटलीच्या बेक्कारिया या विचारवंताने 1764 मध्येच लिहून ठेवले आहे आणि आमच्या बागांत राखण ठेवणाऱ्या कोणालाही ते न वाचता ठाऊक असते. सुधारणेचा विचार आपल्या कायद्यात उशिरा का होईना रुजतो आहे: नव्या संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे.

दादांचे म्हणणे आजही असे की देवासमोर मिटलेले मी न्यायालयात उकरून काढले आणि एका पोराच्या माथी डाग लावला. मी त्यांना वारंवार सांगितले आहे की बैठकीत त्या मुलाला कोणी बोलूच दिले नव्हते. त्याच्या वतीने त्याचा बाप वाकला आणि आम्ही मालक मंडळी उदार झालो. न्यायालयात त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, माझी उलटतपासणी झाली, आणि मी बागमालक आहे म्हणून माझा शब्द आपोआप खरा धरला गेला नाही. गड्याच्या जागी आमच्याच भावकीतला कोणी असता तर बैठक अशीच झाली असती का, या प्रश्नावर दादा नेहमी विषय बदलतात.

अर्थात चार वर्षे तारखा पडल्या आणि दरवेळी त्या मुलाची एक दिवसाची मजुरी बुडाली, हे मी लपवत नाही. जहाजावर जाण्याचा त्याचा विचार त्या काळात मागे पडला तो पडलाच. शिवाय माझे प्रकरण आंब्यांचे होते. जिथे मारहाण, स्त्रीवरील अत्याचार किंवा जातीवरून छळ झाला असेल तिथे बैठकीतली तडजोड हाच बहुधा दुसरा अन्याय असतो, त्यामुळे माझ्या अनुभवावरून तिथले अनुमान काढू नये. आपण परीक्षेसाठी विचारत असाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवावे हे सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या) कलम 359 मधील तडजोडयोग्य गुन्ह्यांचा तक्ता अवश्य वाचावा, आणि त्यात 303 आहे पण 305 का नाही, याचे उत्तर स्वतः शोधावे. मी ते दादांना अजून पटवू शकलेलो नाही.