फुटबॉलमध्ये डॉज मारून (डिफेंडरला हुलकावणी देऊन) खरंच काही होतं का?

प्रश्न: दादा, आमच्या कोल्हापूरच्या टीममधला विंगर (कडेने खेळणारा) सारखं स्टेपओव्हर मारत, म्हणजे बॉलवरून नुसते पाय फिरवत बसतो, पब्लिक शिट्ट्या मारतं पण बॉल जातोच. या फॅन्सी मूव्हजचा उपयोग असतो का?

उत्तर: असतो, पण डिफेंडरने वजन एका पायावर टाकलं तरच! नेदरलँड्सच्या क्रॉयफचा तो फेमस टर्न आठव, पास देतोय असं दाखवून बॉल मागे ओढत वळायचं, १९७४च्या वर्ल्डकपमध्ये स्वीडनचा ओल्सन पाक उलट्या दिशेला गेला, पण मॅच सुटली ०-०, हे कोणी सांगत नाही. आणि २०२२च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये मेस्सीने क्रोएशियाचा डिफेंडर ग्वार्डिओलला उजव्या कडेने नेलं तेव्हा स्टेपओव्हर वगैरे काही नव्हतं, नुसतं थांबायचं, परत सुटायचं, खांदा पाडायचा, वळायचं आणि मग अल्वारेझला पास, गोल. म्हणजे खरी जादू स्पीड बदलण्यात आहे बघ, पाय फिरवणं हा नुसता मसाला.

तुमच्या विंगरला सांग, एकच डॉज मार आणि लगेच दोन पावलं जोरात पळ. तीनदा पाय फिरवेपर्यंत डिफेंडर सावरतो, दुसराही मदतीला येतो. आणि आपल्या डीजवळ (आपल्या गोलसमोरच्या चौकोनाजवळ) तर अजिबात नको, तिथे सरळ लाथ मारून बॉल बाहेर काढायचा, शिट्ट्या गेल्या उडत.