पाच क्लास झाले, तरी हात बसेना

स्वयंपाकाच्या किंवा बेकिंगच्या क्लासला जाणाऱ्यांकडून एक तक्रार माझ्या कानावर वरचेवर येते. क्लासमध्ये सगळं कळतं, पण घरी ओट्याशी उभं राहिलं की हातपाय गळतात. एवढे पैसे भरले, एवढे रविवार घातले, तरी हात बसत नाही. म्हणजे आपल्यात ते नाहीच का?

हाच प्रश्न घेऊन एक बाई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, हिशेबाच्या खात्यात वरच्या पदावर, कामात चोख. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पाच क्लास करून झाले होते: ब्रेडचा, केकचा, कुकीजचा, सूपचा आणि एक नुसत्या आयसिंगचा. सहाव्याची जाहिरात फोनमध्ये जपून ठेवलेली. तो लावू की नको एवढंच विचारायला आलेय, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

सोबत वही होती. देखणी वही. प्रत्येक पदार्थाला वेगळं पान, साहित्य डावीकडे, कृती उजवीकडे, मापं लाल शाईने, कडेला रंगीत चिठ्ठ्या. मी पानं उलटत गेले. कुठे लोण्याचा डाग नाही, पिठाचा ठसा नाही, ओल्या बोटाने शाई पसरलेली नाही. "यातलं घरी काय काय केलंत?" असं विचारल्यावर त्या जरा थांबल्या.

"एकदा स्पंज केक केला होता. मधे बसला. मुलगा म्हणाला, आई, केकला खड्डा पडलाय. सगळे हसले. मीही हसले. मग नाही केला परत."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं करण्याआधी नीट शिकून घ्यावं म्हटलं."

म्हणून पुढचा क्लास, आणि मग त्याच्या पुढचा. प्रत्येक क्लास म्हणजे परीक्षा थोडी पुढे ढकलल्यासारखं होत होतं, आणि बाहेरून मात्र ते मेहनतीसारखं दिसत होतं. घरचेही कौतुक करायचे, किती हौस आहे हिला म्हणून.

मला आधी जाणून घ्यायचं होतं की या क्लासांमध्ये त्या नेमकं काय करत होत्या. पाचांपैकी चार डेमोचे निघाले. शिक्षिका पुढच्या टेबलावर करून दाखवतात, बाकीचे खुर्च्यांवर बसून लिहून घेतात, शेवटी एकेक तुकडा चाखतात, फोटो काढतात आणि घरी जातात. ब्रेडचा तेवढा हाताने करायचा होता, चौघांचा गट करून. त्या गटात ह्यांनी काय केलं? वजनं मोजून दिली, टायमर लावला आणि भांडी धुतली. मळायला दुसरी एक उत्साही मुलगी होतीच. कोणी त्यांना बाजूला सारलं नव्हतं. त्यांनी आपणहून, तत्परतेने, असं काम उचललं होतं की ज्यात चुकायला जागाच नाही.

डेमोबद्दल माझं मत जरा कडक आहे. डेमो बघायला मजा येते, पदार्थ शेवटी कसा दिसायला हवा तेही कळतं, पण हात शिकत नाही. एवढंच असतं तर चाललं असतं. खरी अडचण ही की बघून बघून आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. डार्ट नेमका मध्यावर मारणाऱ्याचा व्हिडिओ काही जणांना एकदाच दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघितलेल्यांना आपला नेम चांगला लागेल असा भरवसा जास्त होता. प्रत्यक्षात त्यांचा नेम एकदाच बघितलेल्यांपेक्षा चांगला लागला नाही. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे क्लासमधून निघताना मला जे वाटायचं ते खोटं होतं?" वाटणं खरंच होतं, फक्त त्याला आधार नव्हता. त्यामुळे घरी पहिल्याच फटक्यात केक बसला तेव्हा, एवढं कळूनही जमत नाही म्हणजे खोट आपल्यातच, असा निकाल त्यांनी लावून टाकला. ज्याने काहीच बघितलेलं नसतं त्याचा केक बसला तर तो एवढा खचत नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की "मला हे जमेल" हा विश्वास मुख्यतः चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं, दुसऱ्याला करताना पाहिलेलं, कोणी दिलेला धीर, आणि त्या वेळी आपलं शरीर काय सांगतं ते, म्हणजे धडधड, घाम, थरथर. यातली पहिली वाट सगळ्यांत भक्कम. आमच्या बाईंकडे दुसरी आणि तिसरी भरपूर होती. पहिलीच्या खात्यात एक बसलेला केक.

आणि ते वजन मोजून देणं, भांडी धुणं? समुपदेशनात याला आम्ही सुरक्षा-वर्तन म्हणतो. पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं. भीतीपोटी आपण एखादी सोय करून ठेवतो, वेळ निभावते, आणि सोय होती म्हणूनच वाचलो असं मन धरून बसतं. सोयीशिवायही काही बिघडलं नसतं हे तपासायची संधीच येत नाही. त्यामुळे भीती जशीच्या तशी राहते, वर्षानुवर्षं.

लहानपणी आई हातातला झारा काढून घ्यायची, "सोड, तुझ्याने नाही व्हायचं" म्हणायची, हे त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं. महत्त्वाचं होतंच. पण मी तिथे फार खणत बसले नाही. काही वेळा मूळ सापडल्याच्या समाधानात माणूस ओट्याकडे जायचं विसरतो.

सहावा क्लास सध्या नाही, एवढं आम्ही ठरवलं. आणि वहीतला एकच पदार्थ निवडायचा, तोच पुन्हा पुन्हा करायचा. त्यांनी साधा ब्रेड निवडला. त्याचं कारण मला आवडलं. ब्रेडचं प्रमाण टक्क्यांत मांडतात: मैदा १००, पाणी ६५, मीठ २, कोरडं इन्स्टंट यीस्ट १. म्हणजे मैदा ५०० ग्रॅम घेतला तर पाणी ३२५, मीठ १०, यीस्ट ५. टक्केवारी सगळी मैद्याच्या वजनावर, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. "हे माझ्या ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या एखाद्या गोष्टीबद्दल त्या असं पहिल्यांदाच बोलल्या.

वहीच्या मागच्या बाजूला दोन रकाने पाडायला सांगितले. करण्याआधी लिहायचं: काय बिघडेल, आणि बिघडलं तर काय होईल. करून झाल्यावर लिहायचं: काय झालं.

पहिला ब्रेड दगड झाला. फुगलाच नाही. आधीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "फुगणार नाही. हसतील. मला सहन होणार नाही." नंतरच्या रकान्यात: "फुगला नाही. हसले. मुलाने टेबलावर आपटून आवाज काढून दाखवला." पुढे ओळ कोरी. मी तिसऱ्या वाक्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "राग आला. मग चहा केला. मग पाणी किती गरम घेतलं होतं ते आठवत बसले."

धीर देताना लोक पटकन म्हणतात, कोणी हसणार नाही हो. मी तसं म्हणत नाही, कारण कधीकधी हसतात. ह्यांच्या तीन भाकितांपैकी दोन खरी ठरली. तिसरं खोटं निघालं, आणि सगळी भीती त्या तिसऱ्यावरच उभी होती.

पाणी उकळतं घेतलं होतं. यीस्ट जिवंत असतं आणि साधारण ६० अंश सेल्सियसला मरतं. पाणी कोमट हवं, बोट घातलं तर चटका बसता कामा नये. हे वहीत लाल शाईने लिहिलेलं होतंच. पण "कोमट" म्हणजे काय ते बोटाला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला ब्रेड फुगला, मात्र आतून चिकट निघाला. त्यावरून शोध ओव्हनपर्यंत गेला. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो त्यांनी आणला. बटण १८० वर असताना आत १५५ च्या आसपास होतं. घरगुती ओव्हनमध्ये असा फरक पडणं नवलाचं नाही. म्हणजे तो पहिला केकही बहुधा पुरता भाजलाच गेला नव्हता, आणि मधे बसण्याचं ते अगदी नेहमीचं कारण. दार लवकर उघडलं किंवा बेकिंग पावडर जास्त झाली तरी बसतो. त्यांना हायसं वाटलं. पण सगळं खापर ओव्हनवर फुटू नये म्हणून मी उकळत्या पाण्याची आठवण करून दिली. त्याही हसल्या, आणि हे हसणं खड्ड्याच्या वेळच्या हसण्यासारखं नव्हतं.

ब्रेड तीनदा जमेपर्यंत नवा क्लास लावायचा नाही, ही अट त्यांनीच घातली होती. ती पुरी झाल्यावर मात्र मीच म्हटलं, आता जा. घरी एकटीने करणं आणि अनोळखी लोकांच्या देखत करणं या दोन वेगळ्या भीती असतात, आणि दुसरी अजून तशीच होती. या वेळी फोन करून आधी विचारायचं ठरलं: स्वतःच्या हाताने करायला मिळतं का, किती जणांत एक ओटा आणि एक ओव्हन, एका बैठकीत किती पदार्थ. पदार्थ जितके जास्त तितका क्लास बघण्याचा होत जातो, असा माझा अंदाज आहे. "दोन तासांत बारा प्रकार" अशा जाहिरातीला मी तरी जाणार नाही. बिघडलेला पदार्थ बघून का बिघडला ते सांगणारी शिक्षिका असेल तर बाकी काही कमी असलं तरी चालतं.

तिथे जाताना दोन गोष्टी ठरल्या. पीठ हाताला लागेपर्यंत वजनकाट्याला आणि सिंकला हात लावायचा नाही. आणि एक वाक्य तोंडपाठ करून जायचं.

ते वाक्य लागलंच. पीठ ओलसर होतं, बोटांना चिकटून लोंबायला लागलं. दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले, चेहऱ्यावर केस आलेले, ते मागे सारायला मोकळा हात नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई बघतायत असं वाटलं. शिक्षिका चांगल्या मनाने पुढे आल्या, "द्या इकडे, मी करून देते" म्हणत गोळा घ्यायला हात पुढे केला. आमच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगा, हात मीच लावते." शिक्षिकेने सांगितलं: आणखी मैदा घालू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मळा. पीठ पाणी शोषून घेतं आणि चिकटपणा बराच कमी होतो. तसंच झालं. शेजारच्या बाईंकडे बघितलं तर त्या स्वतःच्या गोळ्याशी झगडत होत्या.

सगळ्यांनाच असं करायला हवं असं मी म्हणत नाही. क्लासला जायचं ते चार माणसं भेटतात म्हणून, चाखायला मिळतं म्हणून, रविवारची दुपार बरी जाते म्हणून, असं असेल तर खुशाल दहा क्लास करा आणि घरी काहीही करू नका. त्यात सोडवण्यासारखं काही नाही. त्रास होतो तो शिकायचंय असं मनात असून स्वतःला करू न देणाऱ्यांना. हीच टाळाटाळ इतर ठिकाणीही दिसत असेल, मीटिंगमध्ये तोंड उघडवत नसेल, लोकांसमोर जेवणंही नको वाटत असेल, तर वही आणि रकान्यांवर भागवू नका, कोणाची तरी मदत घ्या. आणि खाण्याशीच नातं बिघडलं असेल, म्हणजे उपाशी राहणं, भरमसाट खाऊन पस्तावणं, वजनाचा ध्यास, तर बेकिंगचा क्लास हा मन रमवायचा निरुपद्रवी मार्ग आहे असं धरून चालू नका. आधी त्याविषयी तज्ज्ञांशी बोला.

बाई आता अधूनमधून ब्रेड करतात. केकच्या वाटेला अजून गेलेल्या नाहीत, आणि मीही आग्रह धरलेला नाही. आमची शेवटची भेट झाली तेव्हा नवऱ्याने त्यांना क्रोसाँच्या क्लासची जाहिरात पाठवली होती. त्यांनी तिथे फोन केला होता. बारा जणांत एक ओव्हन आणि लाटायचं काम मशीनवर, असं कळल्यावर नाव घातलं नाही. दुसरा कुठे आहे का ते बघतायत.