खरा हुशार माणूस साधं बोलतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑफिसातले साहेब विद्वान आहेत, पण त्यांचं बोलणं कुणाला कळत नाही. मग सोपं बोलणारा जास्त हुशार, की सोपं म्हणजे वरवरचं?

माझं मत स्पष्ट आहे. विषय पुरता पचल्याशिवाय तो दुसऱ्याच्या कामी येईल इतका सोपा करून सांगता येत नाही. आणि समोरच्याला आपल्यापेक्षा काहीतरी वेगळं ठाऊक असेल, हे मानल्याशिवाय तर नाहीच.

आमचं गोव्यात सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. पावसाळ्यात पोफळींना कोळेरोग हा बुरशीचा रोग लागला की हिरव्या सुपाऱ्यांचा खाली सडा पडतो. वनस्पतींच्या रोगांवर डॉक्टरेट केलेल्या एक बाई बाग बघायला आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी आमच्या पाडेल्याला, म्हणजे झाडावर चढून सुपाऱ्या पाडणाऱ्याला विचारलं, गळ सगळ्यात आधी कुठे सुरू होते? त्यानं ओहोळाकडेचा, ऊन न पोचणारा पट्टा दाखवला आणि बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. मग बोर्डो मिश्रण हे बुरशीवर फवारायचं औषध करून दाखवलं: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, आणि मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओतायचं. पाडेल्याचीच कोयती त्यात बुडवून म्हणाल्या, "पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय. तसंच मारलं तर कोवळा भाग करपेल." त्या कोयतीत अख्खं रसायनशास्त्र होतं, पण ते तपासायला प्रयोगशाळा लागत नव्हती. फवारूनही एका कोपऱ्यात गळ का झाली, असं बाबांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हे मला इथं उभं राहून सांगता येणार नाही. सुपाऱ्या तपासायला नेते." बाबांचा त्यांच्यावर खरा विश्वास बसला तो तिथं.

आपल्या गोव्याचेच बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी बघा. १८७६ साली साखवाळला जन्म, पाली भाषेच्या ओढीनं श्रीलंकेपर्यंत गेले, पुढे हार्वर्डमध्ये काम केलं. पण 'भगवान बुद्ध' लिहिलं ते साध्या, सरळ मराठीत. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून बुद्धानं घर सोडलं ही कथा त्यांना पटत नव्हती. म्हणून त्यांनी जुन्या सुत्तांतले, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांतले उतारे पुढे ठेवून आपलं म्हणणं मांडलं. आधार समोर असल्यामुळे वाचकाला त्यांच्याशी वादही घालता येतो. वाचकाला एवढा मान देणं मला फार मोठं वाटतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. गोड आणि सोपं बोलणारे भोंदूही असतात. त्यांना "हे तुम्हाला कशावरून कळलं?" एवढं विचारून बघा, बोलणं लगेच गोलगोल फिरू लागतं. उलट काही जाणकार स्वभावानं अबोल असतात, किंवा त्यांना सोपं करून सांगायची सवय कुणी लावलेलीच नसते. तुमचे साहेब त्यांतले असू शकतात, लगेच गर्विष्ठ ठरवू नका. पुढच्या वेळी न लाजता म्हणा, "सर, एखादं उदाहरण देऊन सांगाल का?" ते थांबून, तुम्हाला कुठपर्यंत समजलंय ते विचारून पुन्हा सांगू लागले, तर त्यांच्या हाताखाली शिकण्यासारखं भरपूर आहे.