शेजार वेगळा, भावकी वेगळी

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडे मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही कानावर पडतात, अक्का-अण्णा-अप्पा सगळ्यांचे सारखेच. मग जगातल्या सगळ्याच भाषांचं मूळ एक असेल का, असं तुम्ही विचारलंय.

अक्का-अण्णावरून काही सिद्ध होत नाही. ते मराठीनं शेजारून घेतलेत. शेजारात तर व्याकरणही उसनं येतं. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, तेलुगूत मात्र 'मनम' आणि 'मेमु' असा आहे. मराठीत तो द्राविडी संगतीनं आला, असं मानतात.

भावकी ठरवायला ध्वनींचा नियम लागतो. पाय-फूट, पाच-फाइव्ह, पूर्ण-फुल: आपल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो, आणि तोही ओळीनं. तेलुगू-कन्नडमध्ये मात्र पाचाला 'ऐदु'. म्हणजे भाषेच्या नात्यानं मराठीला बिलोलीपलीकडच्या तेलुगूपेक्षा इंग्रजी जवळची. पटायला जड आहे, पण आहे तसं.

आता खरी अडचण काळाची. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ज्यात येतात, त्या इंडो-युरोपियन कुळाची मूळ भाषा साधारण ६००० वर्षांमागची. आठ-दहा हजार वर्षांच्या पलीकडं गेलं की नातं कोणतं आणि योगायोग कोणता, हे या पद्धतीनं सांगता येत नाही, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपली मानवजात तर दोन लाख वर्षांहून जुनी! तरी सगळ्यांचं मूळ एकच, हे दाखवायला मेरिट रुलन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं आणि इतरांनी जगभरच्या भाषांत 'तिक' असा शब्द शोधला. अर्थ कुठं बोट, कुठं एक, कुठं दाखवणं. अर्थ इतका सैल सोडला आणि हाताशी सात हजार भाषा असल्या, तर काय जुळणार नाही? ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला 'डॉग'च म्हणत, आणि इंग्रजीशी त्याचा काडीचा संबंध नाही. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं भाषेच्या उगमावरचे निबंध घ्यायचेच नाहीत, असं १८६६ मध्ये ठरवलं होतं. मला ते टोकाचं वाटतं, पण वैताग समजतो.

आणि निकाराग्वा विसरू नका. १९७० च्या दशकाअखेर तिथं कर्णबधिर मुलं शाळांमध्ये एकत्र आली आणि त्यांनी आपापसांत नवीच खुणांची भाषा घडवली. त्यामुळं 'सगळ्या' भाषा एकाच मुळाच्या, हे तर सरळ खोटं. तोंडानं बोलल्या जाणाऱ्या भाषांचं मूळ एक असूही शकेल; शब्दांच्या याद्यांनी ते सिद्ध होणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्याकडं एखादा बंजारा तांडा असेल तर गोरबोलीतले एक ते दहा आकडे विचारून इथं टाका. शेजारी मराठी आणि तेलुगूचे मांडा. कोण कुणाच्या भावकीत बसतं, ते तुम्हालाच दिसेल.