आजीला वाट विचारा

प्रश्न : माझे माहेर फलटण तालुक्यात आहे आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही धनगर. आजोबांच्या पिढीत आमचा वाडा, म्हणजे बिऱ्हाड-कळपासह फिरणारा तळ, दरवर्षी दिवाळी उरकली की मेंढरे घेऊन भोरवरून वरंध घाटाने कोकणात उतरायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा. गेल्या माघात आजोबा गेले. त्यांच्या बरोबरीने ती वाट चाललेली आता पाचच माणसे उरली आहेत, त्यांत माझी आजी एक. या सर्वांच्या आयुष्याची छोटी पुस्तिका आजोबांच्या वर्षश्राद्धाला काढावी असे मी सुचवले आणि तेव्हापासून घरात कटकट सुरू झाली. आजी म्हणते, ‘मेंढरांमागं जलम गेला, त्यात सांगायचं काय?’ फोनवर रेकॉर्डिंग सुरू केले की ती तोंडाला पदर लावून गप्प बसते. वडिलांना विषयच नको आहे. ‘लोकांच्या रानात झोपलो ते आता छापून दाखवणार का?’ असे ते म्हणाले. थोरले चुलते उत्साही आहेत, पण त्यांना पहिली वीस पाने अहिल्यादेवींवर आणि मुखपृष्ठावर आमदारांचा फोटो हवा आहे. दहाव्याच्या फ्लेक्सवर त्यांनी आजोबांच्या मतदार ओळखपत्रावरच्या फोटोला कोट चढवून घेतला होता. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता. आजोबांना मी स्वतः कधी काही विचारले नाही, ही बोच वेगळीच. मी काय करावे?
— फलटणची एक नात

उत्तर : प्रिय ताई,

तुमची आजी तुम्हाला टाळत नाही, तिला तुमचा प्रश्नच लागू पडत नाही. ‘तुझ्या आयुष्याविषयी सांग’ हा प्रश्न शाळा, नोकरी, बढती आणि निवृत्ती असे टप्पे पडलेल्या माणसांसाठी ठीक आहे. तिच्या आयुष्याचे टप्पे तळांनी पडले. आज इथे, परवा तिथे, पाणी कुठे, चारा किती दिवस पुरेल, कोणाच्या रानात मेंढरे बसवायची, याच हिशेबाने तिची वर्षे गेली आणि तिच्या आठवणी त्याच क्रमाने रचलेल्या असणार. म्हणून तिला आयुष्य विचारू नका, वाट विचारा. गावातून निघाल्यावर पहिला तळ कुठे पडायचा? घाट उतरायला किती दिवस लागायचे? कोकणात भातकापणी झालेल्या कोणत्या गावच्या खाचरांत बसायचे, आणि मेंढरांच्या खतापोटी मिळालेले भात कशात साठवायचे? घोड्यावर बिऱ्हाड लादताना आधी काय चढायचे, वर काय, आणि नुकती जन्मलेली कोकरे, कोंबड्या नि तान्ही पोरे कुठे बसायची? हा शेवटचा प्रश्न आधी विचारा. घोडा लादणे हे वाड्यातल्या बायकांचे काम, आणि ज्या बाईने ते रोज केले आहे ती हा प्रश्न ऐकून गप्प बसणार नाही. निदान ‘तसं न्हाई गं’ म्हणून तुमची चूक तरी दाखवील. तशी चूक मुद्दाम करायलाही हरकत नाही.

तिला एकटीला बसवू नका. धनगरी ओवी तुम्ही ऐकली असेलच: एकाने म्हणायचे, दुसऱ्यांनी उचलून धरायचे, आणि गाऊन झालेला भाग पुन्हा बोलून उलगडायचा. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने (१९३४–१९९२) पुण्यात राहून, वाड्यांवर आणि जत्रांना जाऊन बिरोबाच्या आणि म्हस्कोबाच्या अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज त्या जगभर अभ्यासल्या जातात. पण त्या देवांच्या कथा आहेत. तुमच्या आजीने पावसात भिजलेल्या सरपणावर भाकरी कशा भाजल्या हे कोणी सुंबरान (ओवीच्या आरंभीचे देवाचे स्मरण) मांडून गायलेले नाही, आणि ते गाण्याजोगे आहे असे तिलाही वाटत नाही. ते बाहेर यायचे असेल तर उरलेल्या पाचांपैकी दुसरी एखादी म्हातारी तिच्याशेजारी आणून बसवा. एक सांगेल, दुसरी खोडून काढील, आणि कोणत्या साली कोणाची घोडी घाटात घसरली यावरून दोघींचे भांडणही जुंपेल. ते भांडण तसेच लिहून घ्या. कोण बरोबर हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नका.

फोन तोंडासमोर धरू नका, बाजूला पालथा ठेवा, पण तो सुरू आहे हे तिला आधी सांगा. लपवून केलेले रेकॉर्डिंग मला मान्य नाही, ती तुमची सख्खी आजी असली तरी. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे घ्या आणि तिचा आवाज तिलाच ऐकवा. हे कोण ऐकणार, कोणाला पाठवणार, हे ती विचारील. खरे उत्तर द्या आणि एखादी गोष्ट पुसून टाक म्हणाली तर तिच्यासमोर पुसा. तिने एकदा हे पाहिले की पदर आपोआप खाली येईल असे मला वाटते.

साल-तारखांसाठी अडून राहू नका. आधारवरची १ जानेवारी ही तिची जन्मतारीख नव्हे, ती नोंदणी करणाऱ्याची सोय आहे. पुस्तिकेत ती छापू नका. त्याऐवजी तिला माहीत असलेल्या खुणांना धरा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वाडा घाटावर होता की खाली कोकणात, आणि त्या वेळी तिच्या कडेवर कोण होते? १९७२ च्या दुष्काळात किती मेंढरे राहिली, किती विकली, खडी फोडायला कोण गेले, सुकडी कोणी खाल्ली? एवढ्यावरून घरातल्या सगळ्यांची वये मागेपुढे का होईना, पण जुळतात, आणि त्या वर्षांत वाड्याचे काय झाले हेही सोबत येते. १९७२ विचारताना मात्र जपून विचारा. त्या वर्षी काही घरांनी कळप गमावले आणि काहींनी लेकरेही गमावली; ती थांबली तर तुम्हीही थांबा.

वस्तूंकडे मी थोडे जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण तुमच्याकडे आजोबांचा ओळखपत्राखेरीज फोटो नाही. कळप एकत्र झाले तर आपले मेंढरू ओळखता यावे म्हणून कानाला कातर मारतात, आणि घराघराची खूण वेगळी असते. तुमच्या घरची खूण कोणती होती? डाव्या कानाला की उजव्या, शेंड्याला की बाजूला? कागदावर कानाचे चित्र काढून आजीकडून ती खूण नेमकी करून घ्या आणि मुखपृष्ठावर तेच चित्र छापा. आजोबांची ओळख त्या कोट चढवलेल्या फोटोपेक्षा त्या खुणेत अधिक आहे, आणि तालुक्यातला कोणताही जुना मेंढका ती पाहून घर सांगेल. रात्री मेंढरांभोवती लावायची वाघर (जाळी) घरात शिल्लक असेल तर तिच्या गाठी कोण मारायचे ते विचारा. आजोबांची घोंगडी असेल तर ती धुवायला टाकू नका. लोकर कोणत्या मेंढरांची, सूत कोणी कातले, कोणत्या गावच्या सणगराने विणली, चिंचोक्यांची खळ दिलेली आहे का, हे लिहा. तुमच्या लहानपणी काळी दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरली जायची आणि त्या लोकरीला गिऱ्हाईक होते. आता लोकरीचे मोल कातरणावळीलाही पुरत नाही, मेंढी मटणाच्या भावावर पाळली जाते आणि पुष्कळ कळपांत माडग्याळ जातीची मेंढी शिरली आहे. आजीला हे चांगले वाटते की वाईट, तेही विचारा. ‘जुने ते सोने’ असेच ती म्हणेल असे गृहीत धरू नका. दोन कोकरे देणारी मेंढी आणि पायाखालची डांबरी सडक तिला आवडतही असेल.

आता वडील. त्यांचा राग मला सर्वांत जास्त समजतो, आणि त्यांना समजावण्याची घाई करू नका असेच मी सांगेन. आजी-आजोबा प्रौढपणी त्या वाटेने गेले, ते त्यांचे काम होते आणि त्या कामात त्यांना कौशल्याचा अभिमानही होता. तुमचे वडील मात्र ती वाट लेकरू म्हणून चालले. चोरीचा आळ, उभ्या पिकात मेंढरू घुसले म्हणून दुसऱ्याच्या बांधावर बापाला खाव्या लागलेल्या शिव्या, जंगलात चराई बंद म्हणून भरलेला दंड, दिवाळीनंतर सुटलेली शाळा, हे एखाद्या मुलाने खालून वर पाहिलेले असते, आणि त्यात अभिमानाला जागा फार थोडी असते. पुढे शिकून, घर बांधून, मुलीला शिक्षिका करून त्यांनी जे मागे टाकले, ते तुम्ही वर्षश्राद्धाला पाहुण्यांच्या हातात ठेवणार, असे त्यांना वाटते आहे. त्यांना ‘यात लाजण्यासारखे काय आहे’ असे कृपा करून म्हणू नका. लाज वाटायला हवी होती ती आळ घेणाऱ्यांना, हे खरेच. पण ते त्यांना माहीत नाही असे थोडेच आहे?

माझ्या मते इथे हक्कांची साधी वाटणी करता येते. आजीच्या आठवणी आजीच्या, त्या छापायच्या की नाही हे ती ठरवील. वडिलांचे बालपण वडिलांचे, आणि त्यांनी नाही म्हटले तर आजीच्या तोंडून आलेला त्यांच्याबद्दलचा मजकूरसुद्धा छापील प्रतीतून वगळा. सगळे सविस्तर लिहिलेली एक हस्तलिखित वही घरात राहू द्या आणि छापायला त्यातले निवडून द्या. वडिलांना एकच काम सांगा: छापण्यापूर्वी मजकूर वाचून, नको असेल ते खोडायला हातात पेन्सिल द्या. ते खोडतील त्यापेक्षा समासात जास्त लिहितील अशी मला शंका आहे, परंतु त्यांनी निम्मे खोडले तरी तो निर्णय पाळा. दुःखाचे प्रसंग गाळले की पुस्तिका खोटी होते, असे तुमचे तरुण मन म्हणेल. दारिद्र्याची वर्णने वाचून हळहळणारे वाचक पुष्कळ मिळतात. घाट उतरताना कळपाच्या पुढे कोणी राहायचे, मागे कोणी, लांडगा आला तर कुत्री कोणत्या बाजूने सोडायची, हे समजून घेणारे कमी. तुम्ही या कमी असलेल्या वाचकांसाठी लिहा.

चुलत्यांचे काम सोपे आहे, कारण त्यांना फक्त मान हवा आहे आणि तो देता येतो. अहिल्यादेवींविषयी कोणाच्या मनात आदर नाही? चौंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या या राणीची त्रिशताब्दी २०२५ मध्ये सर्वत्र साजरी झाली आणि त्यांच्यावर पुस्तकेही भरपूर आहेत. तुमच्या आजीवर एकही नाही. हे चुलत्यांना हसत हसत सांगा, पहिल्या पानावर अहिल्यादेवींना वंदन म्हणून चार ओळी घ्या आणि पुढचे पान आजोबांच्या कानखुणेला द्या. आमदारांचा फोटो फ्लेक्सवर शोभेल, फ्लेक्सची सगळी व्यवस्था चुलत्यांकडेच सोपवा आणि त्यात ढवळाढवळ करू नका. कोट मात्र काढायला लावा. घरातला आजोबांचा पटका फोटोग्राफरला दाखवला तर त्याला तो चढवणे काही जड जाणार नाही.

आजीपेक्षाही मला उरलेल्या चौघांची काळजी अधिक आहे. आजी तुमच्या घरात आहे, उद्याही बोलेल. या चौघांत ज्याची प्रकृती सर्वांत खालावली आहे त्याच्याकडे या रविवारी जा, वही-प्रश्नावली तयार नसली तरी जा. शिवाय तुमच्या पाचांच्या यादीत एक नाव सुटले असण्याची दाट शक्यता आहे. अनेक वाड्यांवर मेंढरांमागे मोलाने ठेवलेला गडी असे. तो नात्यातला नाही म्हणून यादीत येत नाही, पण कळपाच्या मागे सर्वांत जास्त चाललेला कदाचित तोच असेल. तुमच्या वाड्यावर असा कोण होता, तो कुठला, त्याला वर्षाकाठी किती मेंढरे किंवा किती पैसे ठरले होते आणि ते मिळाले का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अवघड निघाले तरी विचारा.

दुसरे राहून गेलेले लोक घाटाखाली आहेत. खतासाठी वाड्याची वाट पाहणारी कोकणातली घरे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असत. आजीला गावांची नावे आठवतील. दिवाळीच्या सुट्टीत महाडच्या बाजूला दोन दिवस जाऊन या, आजीला गाडीचा प्रवास झेपत असेल तर तिलाही न्या. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तुमचे आजोबा तुम्हाला ठाऊक नसलेल्या रूपात आठवत असतील, भाव करणारे, उधारी लक्षात ठेवणारे किंवा शेकोटीशी गोष्टी सांगणारे म्हणून. आजोबांना काही विचारले नाही ही तुमची बोच मी काढून टाकू शकत नाही, आणि तुम्हीही तिच्यावर फार वेळ घालवू नये. त्यांना ओळखणारी माणसे अजून घाटाच्या दोन्ही बाजूंना आहेत, तेवढे मात्र तुमच्या हातात आहे.

वर्षश्राद्धाची मुदत सोडून द्या. माघापर्यंत दोन-तीन जणांचेच लिहून होईल आणि घाईत उरलेल्यांच्या वाट्याला ‘ते अत्यंत प्रेमळ व कष्टाळू होते’ एवढीच ओळ येईल. त्या दिवशी आजोबांपुरती चार पाने छापून वाटा, मागच्या पानावर बाकीच्या चौघांची, आजीची आणि त्या गड्याची नावे द्या, आणि यांच्याविषयी कोणाला काही ठाऊक असेल तर कळवावे असे लिहून खाली तुमचा नंबर टाका.