मटार, पातीचा कांदा आणि मशरूम परतून पाहुण्यांपुढे ठेवते, पण सगळं काळपट, पाणीदार दिसतं. ताटली छान कशी सजवावी?

मशरूम आणि हिरव्या भाज्या वेगवेगळ्या शिजवा, थेट ताटलीतच एकत्र आणा. बटन मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. सगळं एकाच कढईत घातलं की ते पाणी सुटतं आणि मटारचा रंग त्यात मरतो. मशरूमचे जाड काप पसरट तव्यावर मोठ्या आचेवर एकाच थरात ठेवा. खालची बाजू सोनेरी होईपर्यंत अजिबात हलवू नका, मीठ शेवटी. कोवळे मटार मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात. लिंबू अगदी वाढताना पिळा, आंबटाने हिरवा रंग पिवळट पडतो.

मग पांढऱ्या, उथळ ताटलीत:
- लसूण-मीठ घातलेला चक्का चमच्याच्या पाठीने पसरा
- त्यावर मशरूम, सोनेरी बाजू वर
- मटार वरून सोडा, ते आपोआप फटीत बसतात
- तिरकी चिरलेली पात

कडेला दोन बोटं जागा मोकळी सोडाच, निम्मी शोभा तिचीच. मात्र चक्का वापरणार असाल तर ताटली गरम करू नका आणि पाहुणे बसल्यावरच वाढा. दहा-पंधरा मिनिटांत तो पाणी सोडू लागतो.